कमी किराण्यात सकस जेवण: यादी कडधान्यापासून लिहा

महिन्याची यादी करताना आधी तेल, साखर, चहा पावडर लिहिली जाते आणि उरलेल्या पैशांत डाळी बसवल्या जातात. यंदा यादी उलटी लिहा.

१. आधी डाळी-कडधान्यं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५०. शंभर ग्रॅम मटकी, मूग, चवळी किंवा शेंगदाण्यांत ती २३ ते २५ ग्रॅम असतात, सोयाच्या वड्यांत पन्नासच्या आसपास, एका अंड्यात सहा. बाकीची भर पोळी-भाकरी घालते. माणशी महिन्याला दोन किलो डाळी-कडधान्यं धरा. तूरडाळ महागली की वरण मसुराचं किंवा मुगाचं करा. घरातले दोन दिवस कुरकुरतील, मग खातील. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीचा डबा यादीतून खुशाल काढा. त्यात बराचसा भाग साखरेचाच असतो.

२. मोड घरीच आणा. पाकिटातल्या मोडांत आपण पाण्याचे पैसे मोजतो. पाव किलो मटकी निवडून, धुऊन रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला. सकाळी पाणी पूर्ण निथळून ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधा आणि झाकून ठेवा. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत दीड दिवसही लागतो. वास आंबूस आला किंवा हाताला चिकट लागली, तर पाणी नीट निथळलं नव्हतं. ती फेकून द्या. चांगली आलेली मटकी चौघांना दोनदा उसळीला पुरते. शिजवताना पाणी बेताचंच घाला, नाहीतर गाळ होतो.

३. भाजी वेळ बघून घ्या. दुधी, लाल भोपळा, कोबी आठवडी बाजार उठता उठता स्वस्त मिळतात. पालेभाजी मात्र सकाळीच घ्यावी, संध्याकाळपर्यंत ती मान टाकते. मुळ्याचा पाला भाजीवाल्याला तोडू देऊ नका, डाळ घालून त्याची छान भाजी होते. दारात शेवगा असेल तर पाला फुकटच.

४. धान्य. प्राधान्य कुटुंबाचं रेशनकार्ड असेल तर माणशी पाच किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे, ते सोडू नका. वाचलेले पैसे ज्वारी-बाजरीला लावा, पण भाव विचारून. हल्ली ज्वारी कधीकधी गव्हालाही मागे टाकते.

५. तेल माणशी महिन्याला पाऊण लिटरच्या आत ठेवा. महिन्याचं तेल वेगळ्या बरणीत काढलं की हात आपोआप आखडतो.

उसळीवर लिंबू पिळा, त्यामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागतं. आणि जेवल्या जेवल्या चहा नको, तो तासाभराने घ्या.