मुंबईची भुयारी मेट्रो: कोल्हापुराहून जाताना या चुका टाळा

महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलं, की पूर्वी आपल्यापुढं दोनच वाटा असायच्या, लोकल नाहीतर टॅक्सी. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ म्हणजे अ‍ॅक्वा लाइन आरे जेव्हीएलआरपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि तिसरी वाट उघडली. साडेतेहतीस किलोमीटरचा मार्ग, २७ स्थानकं. आरे सोडलं तर बाकीची २६ जमिनीखाली. भाडं १० रुपयांपासून ७० रुपयांपर्यंत. आईच्या उपचारांसाठी माझ्या मुंबईच्या फेऱ्या वाढल्या, तेव्हा या गाडीचं मोल मला कळलं. फलाट आणि डब्याचा तळ एका पातळीत असल्यामुळं गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाय उचलून चढावं लागत नाही. लोकलच्या दारात आईचा हात घट्ट धरून उभं राहताना माझ्या पोटात गोळा यायचा, तो आता येत नाही.

पण पहिल्या काही फेऱ्यांत आम्ही बऱ्याच चुका केल्या. नंतर गेलेल्या नातेवाइकांनीही जवळपास त्याच केल्या, म्हणून हे लिहितोय. लोकलच्या सवयीनं आपण मेट्रोतही गाडी पकडायला धावतो. इथं गाडी गेली तर गेली, काही मिनिटांत दुसरी येते. वेळ आणि पैसा जातो तो चुकीच्या स्थानकाचं तिकीट काढण्यात आणि चुकीच्या दारानं वर येण्यात. विचार करायचा तो तिकीट काढण्याआधी आणि गाडीतून उतरल्यावर.

"अंधेरीला उतर" एवढ्यावर निघू नका

माझा मावसभाऊ अंधेरी पश्चिमेला राहतो. तो म्हणाला, "मेट्रोनं अंधेरीला ये." मी सीएसएमटीला नकाशा बघितला, त्यावर 'एमआयडीसी-अंधेरी' दिसलं, तिकीट काढलं आणि उतरलो. वर आलो तर मी अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक भागात! तिथून त्याच्या घरी जायला रिक्षात पाऊण तास गेला. मुंबईच्या मेट्रोच्या नकाशावर अंधेरी तीन ठिकाणी आहे: मेट्रो १ वरचं अंधेरी, जे रेल्वे स्थानकाला लागून आहे, मेट्रो २ए वरचं अंधेरी पश्चिम, आणि मेट्रो ३ वरचं एमआयडीसी-अंधेरी. मी खरं तर एक स्थानक आधी, मरोळ नाक्याला उतरून मेट्रो १ धरायला हवी होती. तिनं अंधेरी पश्चिमेच्या डी. एन. नगरपर्यंत थेट गेलो असतो.

आरेचंही तसंच. मेट्रो ७ वर 'आरे' आहे, मेट्रो ३ वर 'आरे जेव्हीएलआर'. दोन्ही वेगळी.

छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव रेल्वे टर्मिनसलाही आहे आणि विमानतळालाही. आता दोन्हींच्या नावाची मेट्रो स्थानकं एकाच मार्गावर आहेत. बोलताना 'सीएसएमटी' (रेल्वे टर्मिनस) आणि 'सीएसएमआयए' (विमानतळ) कानाला सारखंच लागतं. विमानतळाची स्थानकंही दोन आहेत, टी१ आणि टी२, आणि मध्ये सहार रोड येतं. विमानाच्या तिकिटावर टर्मिनलचा आकडा असतो. तो बघूनच मेट्रोचं तिकीट काढा.

आपल्या माणसांची हमखास होणारी चूक म्हणजे महालक्ष्मी. अंबाबाईच्या गावचे आपण, नकाशावर 'महालक्ष्मी' दिसलं की देऊळ दारातच असेल असं वाटतं. मुंबईचं महालक्ष्मी मंदिर समुद्राकडं, भुलाभाई देसाई रस्त्यावर आहे. महालक्ष्मी मेट्रो स्थानक संत गाडगे महाराज चौकाच्या भागात, रेल्वे स्थानकाजवळ. मधलं अंतर वयस्कर माणसाला चालवणारं नाही, टॅक्सी धरावी लागते. सिद्धिविनायकाचं मात्र बरं आहे, त्या नावाच्या स्थानकावरून देऊळ चालत गाठता येतं.

मंत्रालयात काम असेल तर 'मंत्रालय' नावाचं स्थानक शोधत बसू नका, विधान भवनला उतरा. सीएसएमटीहून हुतात्मा चौक, चर्चगेट आणि मग तेच. आणि परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांनी या मेट्रोच्या मागं लागू नये, ती त्या बाजूनं जात नाही. लोकलनं परळ गाठणं किंवा सरळ टॅक्सी करणंच योग्य. रुग्णाला घेऊन जमिनीखाली उतरायचं, परत वर यायचं आणि शेवटी टॅक्सीच करायची, यात त्याचे हाल होतात. ते मी पाहिले आहेत.

दादरबद्दल थोडं. महालक्ष्मी एक्सप्रेस दादरलाही थांबते, म्हणून काही जण तिथंच उतरून मेट्रो धरायचं ठरवतात. मेट्रोचं दादर स्थानक पश्चिमेला आहे, रेल्वेच्या फलाटांना चिकटून नाही. बॅगा घेऊन पूल चढायचा, गर्दीच्या बाजारातून चालायचं. सामान असेल तर सीएसएमटीपर्यंत गाडीतच बसून राहा.

कोणत्या दारानं वर यायचं

रंकाळ्याला भेटू म्हटलं की कोल्हापूरचा माणूस लगेच विचारतो, "कुठल्या बाजूला? संध्यामठाकडं का शालिनी पॅलेसकडं?" कारण चुकीच्या काठावर उभं राहिलं तर तळ्याला वळसा पडतो हे त्याला माहीत असतं. भुयारी स्थानकालाही हेच विचारायचं. जमिनीखाली एकच लांबलचक स्थानक, आणि वर येणारी दारं रस्त्याच्या दोन्ही अंगांना, दोन्ही टोकांना. त्यांना ए१, ए२, बी१ अशी नावं आहेत. खालून ती सगळी सारखीच दिसतात. वर आल्यावर कळतं की आपल्याला हवा असलेला दवाखाना सहा पदरी रस्त्याच्या पलीकडं आहे.

आईला घेऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा मी गर्दीच्या मागोमाग चालत गेलो. सगळे जिकडं जातात तिकडंच बाहेरची वाट असणार, असं गृहीत धरलं. वर आलो तर आम्ही चौकाच्या नको त्या कोपऱ्यावर. परत खाली जायचं तर सुरक्षा तपासणीची रांग, आणि वरून जायचं तर रहदारी. आईनं तो रस्ता दोनदा थांबून ओलांडला, त्या दिवशी तिचा गुडघा सुजला. खाली दोन मिनिटं थांबून फलक वाचला असता तर हे टळलं असतं, याची मला आजही खंत वाटते.

तेव्हापासून एक पद्धत ठेवली आहे. जायच्या ठिकाणी आदल्या दिवशी फोन करायचा आणि विचारायचं, "तुमच्या जवळचं मेट्रोचं दार कुठलं?" रुग्णालयांच्या, कार्यालयांच्या स्वागतकक्षात हे सहसा माहीत असतं. नाही कळलं तर गाडीतून उतरल्यावर तिकीट गेटच्या आधी लावलेला परिसराचा नकाशा वाचायचा. गेटच्या बाहेर पडण्याआधी वाचायचा, हे महत्त्वाचं. सोबत वयस्कर माणूस असेल तर आणखी एक गोष्ट बघायची: लिफ्ट कुठल्या दाराला आहे. प्रत्येक दाराला लिफ्ट असतेच असं नाही. एका दाराला फक्त जिना असू शकतो, आणि भुयारी स्थानकाचा जिना आपल्या रेल्वे स्टेशनच्या पुलासारखा नाही, दोन-तीन मजल्यांचा असतो.

सरकत्या जिन्यावर नऊवारी किंवा लांब पदर असेल तर तो हातात गोळा करून धरा. लहान मुलाचा हात सोडू नका. ज्यांना सवय नाही त्यांना जबरदस्तीनं चढवू नका, लिफ्टनं न्या. भीती वाटणं ही लाजेची गोष्ट नाही.

दार बंद झालं आणि माणूस मागं राहिलं तर

हा प्रसंग आमच्यावर गुदरला म्हणून यावर थोडं सविस्तर लिहितो. सिद्धिविनायकाचं दर्शन घेऊन आम्ही चौघं निघालो. गाडी आली, आम्ही तिघं चढलो, आत्या नातवासाठी घेतलेली पिशवी सावरत होती आणि दारं लागली. मेट्रोची दारं लोकलसारखी उघडी नसतात, कुणाच्या हाकेनं थांबत नाहीत. काचेपलीकडं आत्याचा चेहरा मला दिसत राहिला. फोन लावला तर भुयारात नेटवर्क नव्हतं. आम्ही पुढच्या स्थानकावर, दादरला उतरलो. आत्या तोवर मागच्या गाडीत बसली होती. तिला वाटलं आम्ही पुढंच गेलो असणार, म्हणून ती दादरला उतरलीच नाही. शेवटी बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुल) एका महिला सुरक्षारक्षकानं तिला बसवून घेतलं आणि स्थानकांच्या कर्मचाऱ्यांनी आपापसांत बोलून आमची गाठ घालून दिली. तासभर गेला. त्या तासात आत्याला धाप लागली होती.

आता घरातून निघतानाच ठरवून ठेवतो: जो मागं राहील त्यानं जागेवरून हलायचं नाही, फलाटावरच थांबायचं. पुढं गेलेल्यांपैकी एकानं पुढच्या स्थानकावर उतरून उलट गाडीनं परत यायचं. दोघांनीही हलायचं असं ठेवलं तर चुकामूक होते, आमची तशीच झाली. घरातल्या मोठ्यांच्या खिशात एका कागदावर दोन फोन नंबर, उतरायच्या स्थानकाचं नाव आणि राहण्याचा पत्ता लिहून ठेवा. मोबाइल आहे म्हणून कागद नको, असं म्हणू नका. नेटवर्क नसलेल्या ठिकाणी मोबाइल कामाचा नाही.

गेट उघडत नाही, आता काय?

नेटवर्क भरवशाचं नसल्यामुळं तिकीट खाली उतरून काढू असं म्हणू नका. रस्त्यावर असतानाच मोबाइलवर काढून ठेवा, नाहीतर खिडकीवर रोख द्यायला सुटे पैसे ठेवा. यूपीआय अडकलं की रांगेतले मागचे लोक चिडतात आणि आपण गडबडतो.

तिकिटावर क्यूआर कोड असतो आणि तो आत जाताना व बाहेर येताना, दोन्ही वेळा दाखवावा लागतो. म्हणून कागदी तिकीट आत शिरल्यावर चुरगळून टाकू नका. कोड वाचला जात नसेल तर आधी मोबाइलचा उजेड वाढवा, कागदाची घडी सपाट करा. तरी उघडलं नाही तर दुसऱ्या गेटवर प्रयत्न करत फिरू नका, शेजारच्या ग्राहक सेवा खिडकीवर जा. घरच्या सगळ्यांची तिकिटं एकाच्या हातात असतील तर आणखी एक घोळ होतो. आत जाताना ज्यानं जो कोड वापरला, बाहेर पडताना तोच वापरायला हवा. तिकिटांची अदलाबदल झाली आणि एखादं आत जाताना दाखवलंच गेलं नसेल, तर बाहेर पडताना ते गेट अडवणार. म्हणून ज्याचं तिकीट त्याच्या हातात द्या, मुलांचंसुद्धा. ठरल्यापेक्षा पुढच्या स्थानकावर उतरलात तर घाबरू नका, खिडकीवर फरकाची रक्कम भरता येते.

वरचेवर जाणाऱ्यांनी एनसीएमसी, म्हणजे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड घ्यावं. एकच कार्ड मुंबईच्या मेट्रो ३ ला चालतं आणि पुण्याच्या मेट्रोलाही. पण त्यात एक गोम आहे. ऑनलाइन पैसे भरले की ते लगेच कार्डाच्या चिपमध्ये उतरत नाहीत. स्थानकातल्या यंत्रावर कार्ड लावून शिल्लक अद्ययावत करावी लागते. "पैसे भरलेत, मेसेज आलाय, तरी गेट लाल दाखवतंय" ही तक्रार बहुतेक वेळा याच कारणानं असते.

मेट्रो १, मेट्रो २ए-७ आणि मेट्रो ३ चालवणाऱ्या संस्था वेगळ्या आहेत. म्हणून मरोळ नाक्याला गाडी बदलताना आपलं मेट्रो ३ चं तिकीट मेट्रो १ ला चालेल असं समजू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या 'मुंबई वन' अ‍ॅपवर वेगवेगळ्या सेवांचं तिकीट एकत्र काढता येतं. बदल करायचाच असेल तर ते सोयीचं.

सामान क्ष-किरण यंत्रातून जातं. आपल्याकडून गूळ, चटणी, चपला घेऊन जाणं ठीक आहे. विळी, कोयता, सुरी किंवा पेट घेणारं काही पिशवीत ठेवू नका, तपासणीत अडतं. डब्यात खायला बसू नका. गाडीत कंडक्टर नसतो, तेव्हा कोल्हापुरातल्या केएमटी बसमध्ये बसल्यासारखं "बिंदू चौक आला की सांगा" म्हणून निवांत राहता येत नाही. फलाटावर कुठल्या टोकाची गाडी येतेय तेवढं वाचायचं: कफ परेड म्हणजे दक्षिणेकडं, आरे जेव्हीएलआर म्हणजे उत्तरेकडं.

पुण्याला जाणाऱ्यांसाठी एवढंच. स्वारगेटला एसटीतून उतरलात की भुयारी मेट्रो तिथूनच सुटते, २९ सप्टेंबर २०२४ पासून. पुणे रेल्वे स्थानक किंवा कोथरूडकडं जायचं तर जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलायची. रामवाडीकडची गाडी रेल्वे स्थानकाला जाते, वनाजकडची डेक्कन, नळ स्टॉपला. बदलताना खोल भुयारातून पार वरच्या उन्नत फलाटापर्यंत चढावं लागतं, त्यासाठी वेळ धरून निघा.

परतीची गाडी

परतीला महालक्ष्मी पकडायची असते ती संध्याकाळी, कार्यालयं सुटण्याच्या गर्दीत. मेट्रो वेळेवर सीएसएमटीला सोडते, पण हे स्थानक आझाद मैदानाच्या बाजूला, म्हणजे टर्मिनसच्या पश्चिमेला आहे. सीएसएमटीला १८ फलाट आहेत. पहिले सात लोकलचे, लांब पल्ल्याच्या गाड्या आठच्या पुढं, आणि ते पूर्वेकडं पसरलेले. म्हणजे मेट्रोतून वर येऊन, भुयारी पादचारी मार्ग ओलांडून, लोकलच्या गर्दीतून अख्खं टर्मिनस आडवं पार करायचं, आणि मग आपला डबा गाठायला फलाटावर पुन्हा चालायचं. धडधाकट माणसाला पंधरा मिनिटं पुरतात. आई सोबत असली की मी मेट्रोतून उतरण्याची वेळ आणि गाडी सुटण्याची वेळ यांत पाऊण तास ठेवतो, आणि व्हीलचेअर हवी असेल तर ती मागायचा वेळ त्याहून वेगळा.