तिमाही श्रम-उत्पादकतेवर काम करायचंय? आधी भाजक मोजायला शिका

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घरी मी वर्षभरात चार वेळा गेले. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र आणि दर तीन महिन्यांनी तेच ते प्रश्न. पीएलएफएस, म्हणजे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, एप्रिल २०१७ मध्ये सुरू झालं. तेव्हा शहरातल्या निवडलेल्या घरी सलग चार तिमाह्या जावं लागायचं. मी कंत्राटावर घेतलेली प्रगणक होते. गल्लीत मात्र नाव एकच, ‘सर्व्हेवाली’.

पहिल्या भेटीत थोरल्या मुलाला विचारलं, “आई काय करतात?”

“आई? एमी लेदु. घरीच असते.”

एमी लेदु म्हणजे तेलुगूत ‘काही नाही’. त्याच्या पाठीमागच्या खोलीत त्या बाई कांडी मशीनवर, म्हणजे मागासाठी सूत कांड्यांवर गुंडाळायच्या यंत्रावर, बसल्या होत्या. मशीनचा आवाज एवढा, की माझा प्रश्न मला दोनदा विचारावा लागला होता. मी म्हटलं, “कांड्या भरतात ना?” तो म्हणाला, “ते आहेच की. पण ते काय काम आहे का?”

सर्वेक्षणाच्या चालू साप्ताहिक स्थितीचा नियम साधा आहे. गेल्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं असेल, तर माणूस कामगारात मोजायचा. घरच्या धंद्यात बिनपगारी हात लावणारेही त्यात आले. म्हणजे मी दुसरा प्रश्न विचारला म्हणून त्या बाई देशाच्या कामगारांत आल्या. नसता विचारला, तर त्यांनी भरलेल्या कांड्यांची चादर उत्पादनात धरली गेली असती, बाई नसत्या धरल्या गेल्या. आणि कागदावर सोलापूरचा विणकर उगाच जास्त उत्पादक दिसला असता.

आता मी पुण्यातल्या एका छोट्या संशोधन संस्थेसाठी सोलापुरातूनच काम करते. दर तिमाहीला देशाच्या श्रम-उत्पादकतेचा क्षेत्रवार तक्ता बनवणं हे माझं मुख्य काम. एम.ए. करणारी मुलं-मुली अधूनमधून विचारतात, ‘मॅडम, यात शिरायचं कसं?’ तोंडी सांगून सांगून थकले, म्हणून एकदा लिहून काढते.

सूत्र शाळेतलं आहे. वर सकल मूल्यवर्धन, म्हणजे त्या क्षेत्रात भर पडलेलं मूल्य, स्थिर किमतींना, म्हणजे महागाई वजा करून. खाली कामगारांची संख्या किंवा कामाचे तास. झाला भागाकार. नवीन मुलं सगळा जीव वरच्या आकड्यात घालतात, कारण तो तयार मिळतो. सांख्यिकी मंत्रालय दर तिमाहीला आठ क्षेत्रांचं मूल्यवर्धन छापतं: शेती, खाणकाम, कारखानदारी, वीज-पाणी, बांधकाम, व्यापार-हॉटेल-वाहतूक, वित्त-स्थावर मालमत्ता आणि सरकारी व इतर सेवा. खालचा आकडा मात्र आपण जुळवायचा. अमेरिकेचं कामगार सांख्यिकी खातं किंवा मलेशियाचं सांख्यिकी खातं तिमाही उत्पादकता थेट छापून देतं, मलेशिया तर दर तासाची आणि दर कामगाराची अशी दोन्ही. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरचा ‘क्लेम्स’ हा माहितीसाठा उत्तम आहे, २७ उद्योगांचा, १९८०-८१ पासूनचा, पण तो वार्षिक. तिमाहीसाठी आपली भाकरी आपणच थापायची.

माझी पहिली भाकरी करपली. २०२४ अखेरपर्यंत पीएलएफएसचं तिमाही पत्रक फक्त शहरी भागाचं असायचं, आणि त्यात टक्केवारी असायची, माणसांची संख्या नव्हे. संख्या काढायला त्या टक्क्याला अंदाजित लोकसंख्येने गुणावं लागतं. मी शहरी टक्का घेतला आणि अख्ख्या देशाच्या लोकसंख्येला लावला. वर अख्ख्या देशाचं उत्पादन, खाली शहराच्या चष्म्यातून पाहिलेलं गाव. तक्ता देखणा झाला होता, हेच वाईट. वरिष्ठांनी एकच विचारलं, “या तिमाहीत शेतमजूर गेले कुठे?”

जानेवारी २०२५ पासून सर्वेक्षणाची रचना बदलली. आता दरमहा आकडे येतात, तिमाही पत्रक ग्रामीण आणि शहरी दोन्हींचं असतं, आणि निवडलेल्या घरी लागोपाठ चार महिने जातात. तुमचं काम माझ्यापेक्षा सोपं झालं. पण जुनी शहरी मालिका आणि नवी मालिका एकाच रेषेत जोडलीत की तुमचीही करपणार.

दुसरी फजिती मूळ माहितीची. सर्वेक्षणाची घरनिहाय माहिती नाव-पत्ता काढून फुकट मिळते, ती जरूर उतरवून घ्या. जुन्या फाइली म्हणजे आकड्यांच्या लांबच लांब ओळी. कुठल्या रकान्यात काय आहे ते वेगळ्या आराखड्यात बघावं लागतं. प्रत्येक नोंदीला एक गुणक असतो, म्हणजे ती नोंद देशातल्या किती माणसांच्या जागी धरायची तो आकडा, आणि तो वापरण्याआधी सूचनेप्रमाणे १०० ने किंवा २०० ने भागायचा असतो. मी भागला नाही. देशातल्या कामगारांची संख्या जगाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट निघाली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, मी एकटीच हसत बसले. तेव्हापासून कुठलीही बेरीज आली की आधी देशाच्या लोकसंख्येशी ताडून बघते.

तिसरी चूक सांगताना अजून मामा आठवतो. मंगळवेढ्याला त्याचं ज्वारीचं रान आहे, काळं, भेगाळणारं. मी एकदा ऑक्टोबर-डिसेंबरची तुलना आधीच्या तिमाहीशी केली आणि शेतीची उत्पादकता धाडकन वर गेलेली पाहून उत्साहाने त्याला फोन लावला. तो म्हणाला, “मग जुलै-सप्टेंबरात आम्ही झोपा काढत होतो काय?” खरीप ऑक्टोबरनंतर घरात येतो, म्हणून हिशोबात शेतीचं मूल्य त्या तिमाहीत फुगतं आणि आधीच्या तिमाहीत बारीक दिसतं. रानात घाम मात्र वर्षभर. आमच्याकडे तर मुख्य ज्वारी रब्बीची, आणि त्याच थंडीत साखर कारखान्यांचा गाळप हंगाम. म्हणून हंगामी चढउतार काढून टाकलेली मालिका हाताशी नसेल, तर एप्रिल-जूनची तुलना आधीच्या वर्षीच्या एप्रिल-जूनशीच करा. अमेरिकेचे आकडे वाचताना अजून एक मेख आहे. ते हंगाम काढून टाकतात आणि तिमाहीतली वाढ वार्षिक गतीत सांगतात. तिमाहीत १ टक्का वाढ झाली तर मथळ्यात साधारण ४.१ टक्के छापून येतं. तो आकडा आपल्या वर्षागणिक वाढीशेजारी मांडणं म्हणजे किलोशेजारी पायली मांडणं.

आता मुद्द्याचं. उत्पादकता वाढली म्हणजे कुणीतरी चांगलं काम केलं, असं मन लगेच धरून बसतं. समजा, एका चादर कारखान्यात आठ जण दिवसाला ८० चादरी काढतात. माणशी दहा. मंदी आली, मालकाने सगळ्यात संथ दोघांना घरी बसवलं, उरलेले सहा जण ६६ काढतात. माणशी अकरा. उत्पादकता १० टक्क्यांनी वर, चादरी १४ ने कमी, दोन चुली थंड. २०२० च्या एप्रिल-जूनमध्ये अमेरिकेत हेच राष्ट्रीय पातळीवर झालं. उत्पादन कोसळलं, कामाचे तास त्याहून जास्त कोसळले, आणि ताशी उत्पादकता चक्क वाढलेली दिसली. कारण हॉटेलं-दुकानांतली कमी पगाराची माणसं मोजणीतूनच गेली होती.

आपल्याकडे उलटं झालं. कामावरून सुटलेली माणसं गावाकडे आली आणि शेतीत मोजली गेली. देशातल्या कामगारांत शेतीचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, तो २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्क्यांवर गेला. २०२३-२४ मध्येही ४६.१ होता. शेतीचा मूल्यवर्धनातला वाटा मात्र १८ टक्क्यांच्या आसपास. भागून बघा: शेतीतल्या एका माणसामागे जेवढं मूल्य पडतं, त्याच्या जवळजवळ चौपट शेतीबाहेरच्या माणसामागे पडतं. आता शेतीत १ आणि बाहेर ४ धरा. वाटा ४२.५ असताना देशाची सरासरी २.७२५ येते, ४६.५ झाला की २.६०५. सरासरी साडेचार टक्क्यांच्या आसपास घसरली आणि एकाही शेतात, एकाही कारखान्यात कुणी तसूभर कमी काम केलेलं नाही. राष्ट्रीय आकडा हलला की पहिला प्रश्न हा विचारा: क्षेत्राच्या आत काही बदललं, की माणसं एका खणातून दुसऱ्या खणात गेली? हे दोन भाग वेगळे काढता आले की निम्मं काम आलं म्हणून समजा.

खणांबद्दलही बोलायला हवं, कारण ते वाटतात तेवढे एकजिनसी नाहीत. कारखानदारीच्या रकान्यात आमच्या शहरातली घरी बसून विड्या वळणारी बाई येते, जिची मजुरी हजार विड्यांवर ठरते; त्याच रकान्यात पोलाद कारखानाही येतो. उद्योग वर्गीकरणात तंबाखूचा विभाग १२ आणि कापडाचा १३, पण तिमाही तक्त्यात सगळं एका ओळीत विरघळतं. दुसऱ्या टोकाला आमच्याच जिल्ह्यात १३२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे. तिथे माणशी मूल्यवर्धन डोळे दिपवणारं निघणार, कारण काम यंत्र करतं आणि माणसं थोडी. वीज केंद्रातला कर्मचारी विडीवाल्या बाईच्या कितीतरी पट कष्टाळू आहे, असा अर्थ कुणी काढला तर त्याला चहा पाजून घरी पाठवावं.

दोन खणांपासून तर मी नव्या मुलांना लांबच ठेवते. वित्त आणि स्थावर मालमत्तेच्या खणात, आपण स्वतःच्या घरात राहतो त्याचं मानीव भाडंही मूल्यवर्धन म्हणून धरलं जातं. म्हणजे जुळे सोलापुरातलं आमचं घर दर तिमाहीला देशाच्या उत्पन्नात भर घालतं, आणि त्यासाठी एकही कामगार लागत नाही. (वडिलांना हे सांगितलं तर म्हणाले, मग घरपट्टी भरायला लाव त्यालाच.) सरकारी प्रशासनात मूल्यवर्धन मुख्यतः पगारावरूनच मोजतात, त्यामुळे तिथली ‘उत्पादकता’ ही बरीचशी हिशोबाच्या पद्धतीतून आलेली असते.

तासांचं थोडक्यात. आमच्याकडे यंत्रमागावर बारा तासांची पाळी नवी नाही, आणि मजुरी नगावर. माणशी उत्पादन बरं दिसतं, ताशी काढलं की उतरतं. सर्वेक्षणात आठवड्यातल्या प्रत्येक दिवसाचे तास विचारलेले असतात, ते वापरा. मेहनत आहे, पण खरा फरक तिथे दिसतो.

बायकांच्या आकड्याबाबत जरा जपून. पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबल सहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण, २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. एवढ्या स्त्रिया भाजकात आल्या की माणशी सरासरीवर दाब येणारच. यात खरंच नव्याने कामाला लागलेल्या किती आणि आधीपासून कांड्या भरणाऱ्या, पण आता मोजल्या गेलेल्या किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. माझं मत विचाराल तर दोन्ही आहेत. पण मी दाराशी उभी राहिलेली बाई आहे, त्यामुळे माझा कल कुठे ते कळलंच असेल.

आता नोकरीचं, कारण खरा प्रश्न तोच असतो. केंद्रात कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीस्तरीय परीक्षेतून कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी होता येतं. लोकसेवा आयोगाची भारतीय सांख्यिकी सेवा त्याहून वरची. राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, त्याचं कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात आहे. आपल्या जिल्ह्याचं ‘सामाजिक व आर्थिक समालोचन’ एकदा तरी पूर्ण चाळा, मुलाखतीला जाणारी निम्मी मुलं ते नावानेही ओळखत नाहीत. खाजगी संस्थांना पदवीपेक्षा नमुना तक्ता दाखवलेला जास्त आवडतो. आणि संधी मिळाली तर सहा महिने प्रगणक म्हणून फिरा. प्रवासभत्ता उशिरा येतो, माझा एकदा चार महिन्यांनी आला. मे महिन्यात सोलापूरचं ऊन टाळूत शिरतं. कुत्री चावायला येतात. तरीही फिरा.

सरावाला बांधकाम हे एकच क्षेत्र घ्या, आणि २०२५ नंतरच्याच तिमाह्या. फाइलच्या नावात उतरवून घेतल्याची तारीख घाला, कारण आधीच्या तिमाह्यांचे आकडे मागाहून सुधारले जातात आणि मग ‘माझा आकडा जुळत नाही’ म्हणून रात्र जाते. पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती स्थिर धरतात ते, बदललं, जसं २००४-०५ चं २०११-१२ झालं, की जुनी-नवी मालिका सरळ चिकटवू नका. प्रत्येक तिमाहीपुढे तीन रकाने ठेवा: मूल्यवर्धन किती टक्के हललं, माणसं किती, तास किती. उत्पादकतेचा रकाना सगळ्यात शेवटी भरा.

त्या घरी चौथ्यांदा गेले तेव्हा थंडी होती, चादरींचा हंगाम, दोन्ही माग चालू. या खेपेला दार बाईंनीच उघडलं. मी टॅब काढायच्या आत त्या मराठीत म्हणाल्या, “लिहा, कांड्या. रोज तीन तास. रविवारी पण.”