उथळ तलावात विषारी शेवाळ का येतं, हे कसं शोधावं

एप्रिल-मेमध्ये तलावाच्या काठाशी पोपटी रंग ओतल्यासारखी साय जमली, की कुणीतरी मोरचूद टाकायला सुचवतंच. ते टाकू नका. मोरचुदाने शेवाळाच्या पेशी फुटतात आणि आतलं विष एकदम पाण्यात उतरतं. शिवाय मेलेलं शेवाळ कुजताना प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. आधी कारण शोधायचं.

सुरुवात ओळखीपासून. रबरी हातमोजे घालून काठीने ती साय ढवळा. केसांसारखे दोरे काठीला लोंबले तर ते साधं तंतुमय शेवाळ. काठी रंगात बुडवल्यासारखी निघाली तर नील-हरित शेवाळाचा, म्हणजे सायनोबॅक्टेरियाचा, संशय घ्या. मग काचेची बरणी पाऊण भरा, झाकण सैल ठेवा आणि रात्रभर न हलवता थंड, अंधाऱ्या जागी राहू द्या. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर संशय पक्का होत जातो, कारण मायक्रोसिस्टिससारख्या जातींच्या पेशींत हवेच्या बारीक पिशव्या असतात. मात्र ते विषारी आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत मायक्रोसिस्टिनची, म्हणजे या शेवाळाच्या विषाची, तपासणीच हवी.

आता कारणांकडे. २५ अंशांवरचं पाणी आणि भरपूर ऊन मे महिन्यात इंदूरला मिळतंच, पडलेला वाराही शेवाळाला साथ देतो, पण त्यांवर आपला इलाज नाही. इलाज आहे तो फॉस्फरसवर. एकूण फॉस्फरस लिटरला साधारण ०.०३ मिलिग्रॅमच्या वर गेला की तलाव अशा वाढीला पोषक होतो. इथे एक हमखास चूक होते: मत्स्यालयाच्या किटने फॉस्फेट मोजतात, आकडा शून्याजवळ येतो आणि 'पाण्यात काही नाही' असा निष्कर्ष निघतो. खरं तर फॉस्फरस शेवाळाने गिळलेला असतो. म्हणून प्रयोगशाळेला 'एकूण फॉस्फरस' असंच सांगा. नमुन्याची बाटली डिटर्जंटने धुऊ नका, त्यात फॉस्फेट असू शकतं. तलावाच्याच पाण्याने तीनदा विसळा. नमुना सायीतून घेऊ नका. वारा पश्चिमेचा असेल तर साय पूर्वेच्या काठाला लोटली जाते आणि तिथला आकडा सगळ्या तलावाचा नसतो.

शेवाळ वाढलं की पाण्याची पारदर्शकता घटते, आणि ती घरच्या घरी मोजता येते. २० सेंटीमीटर व्यासाची पत्र्याची तबकडी घ्या, चार भाग आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा, खाली वजन बांधा आणि न ताणणाऱ्या दोरीवर दर १० सेंटीमीटरला खूण करा. दुपारच्या सुमारास, नावेच्या सावलीच्या बाजूने सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी घ्या. पावसाळ्यात काळ्या मातीचा गढूळपणाही आकडा खाली आणतो, म्हणून पाण्याचा रंग शेजारी लिहून ठेवा.

उथळपणाचा खरा घोळ गाळात आहे. इंदूरचा सिरपूर तलाव घ्या: २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, असलेला हा तलाव पावसाळ्यात भरला तरी सुमारे २ मीटरच खोल, आणि पाणी अल्कधर्मी. एवढ्या कमी पाण्यात वाऱ्याची साधी लाटही तळ ढवळते. गाळातला फॉस्फरस बऱ्याच अंशी लोहाला धरून असतो. तळाशी प्राणवायू संपला की ती पकड सुटते. दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं, पीएच ९ च्या वर चढतो, तेव्हाही सुटते. म्हणजे शेवाळ स्वतःचं खत स्वतःच काढून घेतं. म्हणून पीएच आणि प्राणवायू दोन्ही वेळा मोजा, सूर्योदयाला आणि दुपारी ३ ला. पीएचमध्ये मोठा फरक आणि पहाटे प्राणवायू लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली, असं दिसलं तर गाळावर लक्ष द्या.

उपायाचा क्रम चुकवू नका. आधी काठाने चालत जा आणि तलावात येणारा प्रत्येक नाला आणि पाइप नकाशावर मांडा. पहिल्या पावसानंतर पुन्हा फिरा, कारण कोरड्या दिवसांत न दिसणारे प्रवाह तेव्हाच सापडतात. सांडपाणी वळवल्याशिवाय गाळ काढणं म्हणजे पैसे बुडवणं. गाळ मे महिन्यात, पाणी सर्वात कमी असताना काढा आणि शेतांवर न्या. काठावर ढीग ठेवला तर जूनच्या पावसात तो परत आत जातो. हायड्रिला, वॅलिसनेरिया या पाणवनस्पती उपटून टाकू नका, त्यांची मुळं गाळ धरून ठेवतात. कॉमन कार्प मासा सोडू नका, तो तळ उकरतो. ग्रास कार्प त्या वनस्पतीच खाऊन टाकतो.

तोवर गुरं, कुत्री आणि पोहणारी मुलं या पाण्यापासून लांब ठेवा. उकळून मायक्रोसिस्टिन जात नाही, उलट पेशी फुटून ते बाहेर पडतं. जागतिक आरोग्य संघटनेने रोजच्या पिण्याच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिन-एलआरची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. तपासणीचा नमुना गडद रंगाच्या बाटलीत, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.