पीएच 10 की 7? पॉलिफॉस्फेटचे कण आणि त्याची काकवी

लॅबमध्ये नव्याने आलेल्यांना मी आधी पीएच मीटर (द्रावण किती आम्ल किंवा अल्क ते मोजणारं यंत्र) कॅलिब्रेट करायला लावते. कंटाळतात बिचारे, पण पॉलिफॉस्फेटचे, म्हणजे फॉस्फेटच्या लांब साखळ्यांचे, कण बनवताना सगळी मेख तिथेच आहे.

1 ग्रॅम सोडियम पॉलिफॉस्फेट 25 मिली पाण्यात विरघळवा. दुसऱ्या बीकरमध्ये 2.8 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, पाणी तेवढंच. हे दुसरं द्रावण पहिल्यात थेंब थेंब सोडा. ढवळणं थांबवू नका. कॅल्शियम पडू लागलं की पीएच घसरतो, तेव्हा सोडियम हायड्रॉक्साइड घालत तो 10 वर धरून ठेवा. द्रावण दुधाळ झालं की नॅनोकण तयार होऊ लागले समजा. रात्रभर ढवळू द्या, मग इथेनॉलने धुऊन 60 अंशांवर वाळवा.

पहिल्यांदा मी पीएच न बघताच चहाला गेले होते. येऊन पाहते तर तळाशी काकवीसारखा चिकटा आणि त्यात रुतलेला ढवळायचा मॅग्नेट! सिंकमध्ये ओतणारच होते. तो निघाला कोअॅसर्व्हेट, म्हणजे द्रावणातून वेगळा झालेला दाट, द्रवासारखा थर. पीएच 7 च्या आसपास कणांवरचा ऋणभार अगदी कमी होतो, ते एकमेकांना दूर ढकलत नाहीत आणि पाणी धरून ठेवणारा दाट थर खाली बसतो. हवा असेल तर मुद्दाम असाच करा, वरचं पाणी ओतून टाका.

वापरायचं कुठलं? साठवायला कण बरे. जर्मनीतल्या माइंझ इथल्या व्हेर्नर म्युलर यांच्या गटाने दाखवलंय की प्रथिनांशी गाठ पडली की कणांचाच कोअॅसर्व्हेट होतो. मग अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम पॉलिफॉस्फेटची साखळी तोडतं आणि हाडाच्या पेशींना फॉस्फेटसोबत ऊर्जाही मिळते.