एनईएस क्लासिक घ्यायचाय? ब्लॅकवाल्याला पैसे द्यायच्या आधी हे बघा

परवा एका मित्राने लिंक टाकली, निन्टेन्डोचा एनईएस क्लासिक (टीव्हीला जोडायच्या जुन्या व्हिडिओ गेमची छोटी नवी आवृत्ती), सीलपॅक, "लास्ट पीस", आणि विचारतोय घेऊ का. म्हटलं थांब बाबा, आधी २०१६ ची गोष्ट ऐक.

नोव्हेंबर २०१६ मध्ये हा तळहातावर मावेल एवढा डबा अमेरिकेत ६० डॉलरला आला, आत ३० गेम, आणि दुकानात आला की लगेच गायब. बॉट (आपोआप ऑर्डर मारणारे प्रोग्राम) लावून उचललेले पीस त्याच दिवशी ईबे या खरेदी-विक्रीच्या साइटवर दोनशे डॉलरच्या वर. एप्रिल २०१७ ला निन्टेन्डो म्हणाली बनवणं बंद, मग तर लोक येडेच झाले. माझ्या न्यू जर्सीच्या आतेभावाने तेव्हा सव्वादोनशे मोजले, आणि २९ जून २०१८ ला तोच डबा परत दुकानात, परत ६० डॉलरला! आत्याने त्याला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

म्हणून पहिलं हे बघायचं की माल अजून बनतोय का. बनत असेल तर दोन-तीन महिने गप्प बसा. सोनीचा असाच छोटा डबा, प्लेस्टेशन क्लासिक, डिसेंबर २०१८ ला १०० डॉलरला आला आणि काही आठवड्यांत ६० वर, कारण गेमची निवडच लोकांना आवडली नाही, ज्यांनी साठा करून ठेवला ते बसले बोंबलत.

बनणं बंद झालं असेल (एनईएस क्लासिक आता बंदच आहे) तर थांबून २०१८ सारखा नवा माल परत येईलच असं नाही, मग भाव नीट काढा. विकणारा किती मागतोय ते सोडा, ईबेवर "सोल्ड आयटम्स" फिल्टर लावा, शेवटचे दहा सौदे बघा, सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त सोडून द्या, उरलं तो खरा भाव. आणि खेळायचंच असेल तर बॉक्स नसलेला घ्या, रिकाम्या खोक्याचे पैसे शोकेसवाले देतात, आपण कशाला. विकणाऱ्याकडे फोटो मागा, डब्याशेजारी कागदावर आजची तारीख लिहून. काही जण माल हातात नसतानाच लिस्टिंग टाकतात, ते इथेच गळतात.

आता डुप्लिकेट. यात मी स्वतः आपटलोय, ऑनलाइन एकाकडून घेतला, फोटोत तोच करडा डबा, घरी येऊन मागे बघतो तर पिवळी-पांढरी एव्ही पिन, एचडीएमआय नाहीच! कंट्रोलरचं सॉकेटही नऊ पिनांचं, आपल्या लहानपणीच्या व्हिडिओ गेमला असायचं तसलं. खऱ्याला मागे एचडीएमआय आणि मायक्रो यूएसबी असतं, आणि कंट्रोलरची पिन वी (निन्टेन्डोचाच दुसरा गेम) च्या नन्चक कंट्रोलरला असते तशी चपटी. बॉक्सवर "६२० गेम्स" लिहिलं असेल तर पुढे बघूच नका, खऱ्यात ३० च. ९९९९९९ इन १ च्या कॅसेटने एकदा फसवलंय ना, तेच चार गेम फिरून फिरून, तरी आपण आकड्याला भुलतोच. फक्त एचडीएमआय आहे म्हणून खरा असंही समजू नका, तसलेही डुप्लिकेट निघतात.

बाहेरून मागवत असाल तर कुरियर आणि कस्टम्स धरून हिशोब करा, नाहीतर "स्वस्त पडला" हे पार्सल येईपर्यंतच खरं. त्यापेक्षा डिसेंबरात अमेरिकेतून कोणी येणार असेल तर बॅगेत सांगा, चितळ्यांची बाकरवडी जाते आणि हा येतो. अमेरिकन अडॅप्टर इथे लावायच्या फंदात पडू नका, ५ व्होल्ट १ अँपियरचा जुना मोबाईल चार्जर चालतो. हां, कंट्रोलरची वायर जेमतेम अडीच फूट आहे, त्यामुळे एक्स्टेंशन किंवा लांब एचडीएमआय केबल घ्या, नाहीतर टीव्हीला नाक लावून खेळाल.

पार्सल आलं की उघडताना व्हिडिओ काढा, कट न करता. मग लगेच मारिओ लावा, दहा मिनिटं खेळा, रिसेट दाबा, मेनू आला पाहिजे, तिथे खाली दाबून गेम सेव्ह करा (प्रत्येक गेमला चार जागा असतात), डबा बंद करून परत चालू करा. मारिओ होता तिथेच उभा असेल तर मगच विकणाऱ्याला "मिळालं" म्हणून कळवा.