स्तनात इम्प्लांट (कृत्रिम पिशवी) बसवल्यानंतरच्या या चुका टाळा

टाके सुकले, ड्रेसिंग निघालं, तिसऱ्या आठवड्यात बाई म्हणते, "आता काहीच दुखत नाही." भानगडी इथूनच सुरू होतात. ऑपरेशनमध्ये त्वचेच्या बारीक नसा कापल्या किंवा ताणल्या जातात आणि छातीचा काही भाग कित्येक महिने बधिर राहू शकतो. कर्करोगामुळे स्तन काढून तिथे इम्प्लांट बसवलं असेल, तर बधिरपणा कायमचाही असतो. म्हणून इथे दुखण्यावर भरवसा ठेवायचा नाही. रोज आरशासमोर उभं राहून बघायचं.

सगळ्यात संताप आणणारी चूक म्हणजे शेक. प्रकार बहुतेक असाच घडतो. स्तन काढलेल्या बाईला रात्री छाती आवळल्यासारखी वाटते. घरातलं कुणीतरी मायेनं रबरी पिशवीत गरम पाणी भरून, नॅपकिनमध्ये गुंडाळून देतं. पिशवी छातीशी धरून ती मालिका बघत बसते. चटका जाणवतच नाही, त्यामुळे अर्धा तास पिशवी जागची हलत नाही. झोपताना गाऊन ओला लागतो. तिला वाटतं पिशवी गळली, पण फुटलेला असतो तो फोड. "हाताला लावून बघितली होती हो, फार गरम नव्हती," हे यावरचं ठरलेलं वाक्य. हाताच्या कातडीचा हिशेब इथे चालत नाही. या कातडीखाली चरबी जवळजवळ नसते, रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे उष्णता वाहून न जाता तिथेच साठते. इम्प्लांटवर पांघरूण म्हणून हीच पातळ कातडी असते. ती मेली की जखम उघडते, जंतू आत जातात आणि इम्प्लांट काढायची वेळ येऊ शकते. म्हणून पिशवी नको, विजेचा पॅड नको, टाके सुकवायला हेअर ड्रायर नको आणि फ्रीजरमधला बर्फही थेट नको. आवळल्यासारखं वाटलं तर डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्या आणि पाठीमागे दोन-तीन उशा लावून टेकून बसा.

दुसरी चूक ब्राची. आधार म्हणजे आवळणं नव्हे. पहिले चार ते सहा आठवडे पुढे हुक असलेली, बिनतारेची, खाली रुंद पट्टा असलेली मऊ ब्रा रात्रंदिवस घालायची. अंघोळीपुरती काढायची. (काही सर्जन पहिले काही दिवस ब्रा नको म्हणतात. तसं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.) तीन ब्रा घ्या. पावसाळ्यात दोन पुरत नाहीत आणि दमट ब्रा टाक्यांवर घालायची नसते. हुक लावल्यावर पट्ट्याखाली दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत. ब्रा काढल्यावर पंधरा-वीस मिनिटांनीही वळ दिसत असतील तर ती घट्ट आहे. एकावर एक दोन ब्रा घालणाऱ्या बायकाही आहेत. स्तन काढल्यानंतरच्या नाजूक कातडीचं रक्त अशा दाबानं अडतं आणि ती निळी-काळी पडू लागते. छातीच्या वरून बांधायचा पट्टा वर राहिलेलं इम्प्लांट खाली उतरावं म्हणून देतात. मैत्रिणीनं लावला म्हणून तो मागवू नका, नाहीतर आधीच खाली असलेलं आणखी खाली ढकलाल.

तारेची ब्रा निदान तीन महिने नको. छेद बऱ्याचदा स्तनाखालच्या घडीत असतो आणि तार नेमकी तिथेच बसते. तिसऱ्या आठवड्यात सहा महागड्या ब्रा घेऊन येणाऱ्यांना काय सांगावं? तेव्हा सूज असते, इम्प्लांट वर चढलेलं असतं. ते खाली बसायला तीन ते सहा महिने लागतात. त्यानंतर माप घ्या. श्वास सोडून स्तनाखालचा घेर, मग सगळ्यात भरलेल्या जागेचा. एक इंच फरक असेल तर ए, दोन इंच बी, तीन इंच सी. हे फक्त सुरुवातीचं माप. इम्प्लांटचा तळ रुंद असतो आणि तो नैसर्गिक स्तनासारखा दबत नाही. कपाची कड बाजूनं स्तनावर चढत असेल तर एक कप मोठा घ्या. नवी ब्रा सगळ्यात सैल हुकावर बसायला हवी. आतले हुक पुढे इलॅस्टिक ढिलं पडेल तेव्हासाठी असतात.

"आता ब्रा लागतच नाही" हेही ऐकू येतं. सिलिकॉन जेलचं 300 सीसीचं इम्प्लांट साधारण 300 ग्रॅमचं असतं आणि ते वजन कातडीच पेलते. स्पोर्ट्स ब्राशिवाय धावाल तर ती ताणत जाईल.

मालीश सांगितलं असेल तरच. खरबरीत पृष्ठभागाचं, थेंबाच्या आकाराचं इम्प्लांट चोळल्यानं फिरू शकतं.

टाक्यांवर हळद, तूप, खोबरेल काहीही नको. "मी सिगारेट ओढत नाही" म्हणणारी सकाळी मिश्री लावत असते. तीही तंबाखूच. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम रेंगाळते.

चार ते सहा आठवडे भरलेली बादली, मोठा कुकर, कडेवर मूल, यातलं काही उचलायचं नाही. पण म्हणून हात अंगाशी बांधूनही ठेवू नका, खांदा धरतो.

ड्रेनचा, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीचा, फुगा दाबलेलाच राहिला पाहिजे. त्यात जमलेल्या पाण्याचं दर 24 तासांचं माप वहीत लिहा. साधारण 30 मिलीच्या खाली येऊन टिकलं की डॉक्टर नळी काढतात.

पहिल्या दोन दिवसांत एकच बाजू अचानक फुगून ताठ झाली तर आत रक्त साठत असण्याची शक्यता असते. तेव्हा सकाळची वाट बघू नका, रात्रीच फोन करा. 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप, पसरणारी लाली किंवा पू दिसला तरी तसंच. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकून मतं गोळा करणं म्हणजे वेळ घालवणं.

इम्प्लांटचं कार्ड जपा. त्यावर कंपनी, सीसी, पृष्ठभाग आणि क्रमांक असतो. 2019 मध्ये अॅलर्गन कंपनीनं आपली खरबरीत बायोसेल इम्प्लांट्स जगभरातून परत घेतली. आपलं त्यात आहे का, ते कार्डावरूनच कळतं. अनेक वर्षांनी एक बाजू सुजली तर "वय झालं" म्हणू नका, सोनोग्राफी करा. सिलिकॉनचं इम्प्लांट काही लक्षण न दाखवताही फाटतं. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी एक तपासणी सुचवते. मॅमोग्राफीच्या (स्तनाच्या एक्स-रेच्या) वेळी इम्प्लांट आहे हे मशीनपाशी गेल्यावर सांगू नका, अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. इम्प्लांट मागे सरकवून जादा फिल्म काढाव्या लागतात.