जुनी आऊटबोर्ड सकाळी स्टार्ट घेत नाही? या चुका टाळा

जुनी टू-स्ट्रोक आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेली मोटर, सकाळी पहिल्यांदा स्टार्ट घेत नाही, पण एकदा तापली की दिवसभर एका झटक्यात चालू होते. ही तक्रार किनाऱ्यावर इतकी सर्रास ऐकू येते की लोक ‘मोटर म्हातारी झाली’ म्हणून सोडून देतात, नाहीतर गारठ्यावर ढकलतात. मालवण, देवगड, हर्णै या पट्ट्यात ऐन जानेवारीतली पहाटही मोटर अडून बसावी एवढी गार नसते. बर्फ पडतो त्या मुलखातही याच मोटरी चालू होतात.

रात्रभर उभ्या मोटरमध्ये तीन गोष्टी होतात. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल थोडं उडून जातं, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल निथळतं आणि खाऱ्या दवाने वायरी ओलसर होतात. त्यात थंड धातूवर पेट्रोलची वाफ नीट होत नाही. म्हणून पहिल्या दोरीला मोटर जास्त पेट्रोल आणि जोरकस ठिणगी मागते. तापलेली मोटर थोड्या उणिवा पोटात घालते, थंड मोटर एकही घालत नाही. सकाळचा हट्ट दिसला की कुठलीतरी एक गोष्ट कमी पडते आहे असं समजा आणि ती शोधा. तिचा शोध सोपा आहे, फक्त क्रम चुकवायचा नाही.

प्लग न पाहता दोरी ओढत राहणं

ही सगळ्यात मोठी चूक. खांदा भरून येईपर्यंत दोरी ओढायची, मग चोक (कार्बोरेटरची हवा अडवणारी झडप) मागेपुढे, मग पुन्हा दोरी. एवढ्यात मोटर फ्लड होते, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल साचतं आणि मूळ दोष काय होता ते कळायची सोय राहत नाही.

पूर्ण चोकवर पाच-सहा जोरदार ओढी दिल्या आणि मोटर साधी ‘पुट’ सुद्धा म्हणाली नाही, की थांबा. स्पार्क प्लग काढा आणि टोक बघा. कोरडं असेल तर पेट्रोल पोचतच नाही: टाकी, पाईप, बल्ब (पाईपमधला हाताने दाबायचा रबरी फुगा), पंप, कार्बोरेटर या वाटेने शोधत जा. टोक ओलं असेल, बोटाला ऑइलमिश्रित पेट्रोल लागत असेल, तर पेट्रोल पोचलंय आणि ठिणगी कमी आहे किंवा मोटर फ्लड झालीय. ओला की कोरडा, एवढ्या एका प्रश्नाने अर्धी मेहनत वाचते. दोन सिलिंडरच्या मोटरचे दोन्ही प्लग बघा. एक ओला आणि एक कोरडा निघाला तर दोष त्या एका बाजूचा आहे, टाकीचा नाही.

फ्लड झालेली मोटर मोकळी करायला प्लग बाहेर ठेवा, किल स्विचची (मोटर बंद करणाऱ्या बटणाची) लाल दोरी काढा, चोक पूर्ण आत ढकला आणि आठ-दहा वेळा दोरी ओढून आतलं पेट्रोल बाहेर फेका. पेट्रोलची वाफ बाहेर येत असताना जवळ विडी नको आणि ठिणगीची चाचणीही त्याच वेळी नको.

सुरुवातीच्या बारीक चुका

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहतो आणि टाकी आतून पोकळी धरते. पाईपवरचा बाण मोटरकडे हवा, तो उलटा लागतो. बल्ब आडवा धरून दाबला जातो. त्याचं मोटरकडचं तोंड वर करून, घट्ट होईपर्यंत दाबायचा. बल्ब कधीच घट्ट होत नसेल तर एकतर कुठूनतरी हवा ओढली जातेय, बहुतेक वेळा जोडाच्या झिजलेल्या रबरी रिंगमधून, नाहीतर फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल थोपवणारी) अडकून कार्बोरेटरमधून पेट्रोल वाहतंय. दुसऱ्याला बल्ब दाबत ठेवायला सांगून मोटर चालू झाली आणि सोडल्यावर बंद पडली, तर पंपाचा डायाफ्राम (रबरी पडदा) गेला असं धरायला हरकत नाही.

चोकची चूक वेगळी आहे आणि जुने लोकही ती करतात. मोटर एकदा ‘पुट’ म्हणाली की चोक अर्धा आत ढकलायचा आणि पुढची ओढ द्यायची. पूर्ण चोकवर तसंच ओढत राहिलं की फ्लड झालीच. उलट प्रकारही दिसतो: चोकची नॉब पूर्ण बाहेर असते, पण आतली झडप अर्धवटच मिटते, कारण जुना लिंक सैल झालेला असतो. कव्हर काढून झडप खरोखर मिटते का ते डोळ्यांनी बघा. नॉबवर विश्वास ठेवू नका.

दोरी आधी हळू ओढा, पकड लागली की एका झटक्यात. टू-स्ट्रोकची मॅग्नेटो फ्लायव्हीलच्या वेगावर वीज बनवते. सावकाश ओढीत जुनी कॉइल ठिणगी देतच नाही. आणि ओढण्याआधी मोटर न्यूट्रलला आहे ना, पंख्याजवळ कुणी नाही ना, हे हाताने आणि डोळ्याने तपासा. गिअरमध्ये असताना स्टार्ट रोखणारा गिअर-लॉक जुन्या मोटरींत झिजलेला असतो, तो वाचवेल असं समजून चालू नका.

पेट्रोल

आज पंपावर मिळणारं पेट्रोल बहुतेक ठिकाणी ई२०, म्हणजे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल थंडपणी वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जड जातं आणि ते पाणी ओढून घेतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी महिनाभर उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसू शकतं. टाकीची नळीही तळाशीच असते. त्यात टू-स्ट्रोकचं ऑइल वरच्या पेट्रोलसोबत राहतं, म्हणजे तळचा थर मोटरला वंगणही देत नाही. संशय आला की थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा, दहा मिनिटं हलवू नका, आणि उजेडासमोर धरा. मधे आडवी रेषा दिसली तर ती टाकी वापरू नका.

हीच तपासणी कार्बोरेटरच्या वाटीची करा. वाटीच्या तळाचा निचऱ्याचा स्क्रू सोडा आणि खाली पांढरं झाकण धरा. निघणारं पेट्रोल एकसारख्या रंगाचं हवं. त्यात गोल थेंब झाकणाच्या तळाशी लोळत असतील तर ते पाणी. पिवळट, चिकट, वार्निशसारखा वास आला तर पेट्रोल जुनं झालंय आणि पायलट जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं सगळ्यात बारीक भोक, बुजला असणार. थंड मोटर चालू होताना आणि आयडलिंगला तीच बारीक जागा कामाला येते, मोठ्या जेटवर मोटर नंतर झकास पळते. म्हणून तर दिवसभर तक्रार नसते. जेट सुईने किंवा पोलादी तारेने खोचू नका, भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. क्लीनर आणि हवेचा झोत, आणि फारच अडलं तर तांब्याच्या वायरीतला एक केसासारखा धागा.

ऑइलबाबत एक गैरसमज घट्ट बसलाय की थोडं जास्त टाकलेलं बरं. बऱ्याच मोटरींचं प्रमाण ५०:१ असतं, म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिली. ते तुमच्या मोटरच्या पुस्तिकेतून पक्कं करून घ्या. जास्त ऑइलने प्लगवर काजळी धरते आणि सकाळी पहिली ठिणगी तिथेच मरते. मोटारसायकलचं ऑइल टाकू नका. आऊटबोर्डसाठी टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं ऑइल मिळतं, ते राख न सोडणारं असतं.

पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालवायच्या मोटरी दक्षिणेकडे, कर्नाटक-केरळच्या किनाऱ्यावर, मोठ्या संख्येने आहेत. अशा मोटरीत संध्याकाळी रॉकेलवरच बंद करणं ही सकाळच्या त्रासाची खात्रीची तयारी. किनारा दिसताच पेट्रोलवर या आणि पाचेक मिनिटं चालवून मगच बंद करा, म्हणजे वाटीत रॉकेल राहत नाही.

ठिणगी

ओल्या प्लगला ठिणगी कशी आहे ते उजाडायच्या आत बघा, दिवसा फसायला होतं. आतलं पेट्रोल आधी बाहेर फेकलेलं हवं आणि प्लगची भोकं कापडाने बंद हवीत. मग लाल दोरी परत लावा, प्लग कॅपमध्ये बसवून त्याचा धातू इंजिनला घट्ट टेकवा आणि ओढा. निळी, कडाडणारी हवी. फिकट पिवळी कामाची नाही. कॅप हवेत लोंबती ठेवून दोरी ओढू नका, सीडीआय युनिट (ठिणगीची वीज सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळू शकतं. अंधारात प्लगच्या वायरीवरून बारीक ठिणग्या सरपटताना दिसल्या तर वायरीचं रबर तडकलंय आणि दवाने तिच्यातून वीज गळतेय.

प्लग सँडपेपरने घासून पुन्हा लावू नका, नवा घाला आणि गॅप पुस्तिकेप्रमाणे ठेवा. अर्थिंगच्या जागेवरचा हिरवा गंज मात्र घासायलाच हवा.

ज्या गोष्टी करायच्याच नाहीत

प्लगच्या भोकात नुसतं पेट्रोल ओतणं आणि स्टार्टिंग स्प्रे मारणं. दोन्हींत ऑइल नसतं. सिलिंडरच्या भिंतीवरचा उरलासुरला तेलाचा थर धुऊन निघतो, स्प्रेमधल्या ईथरने वेळेआधी स्फोट होतो आणि पिस्टनची रिंग मोडायची वेळ येते. फारच वाटलं तर ऑइल मिसळलेलं पेट्रोल चमचाभर कार्बोरेटरच्या तोंडाशी द्या. जमिनीवर चाचणी करताना मोटरचा पाण्याचा पंप बुडेल असं गोड्या पाण्याचं पिंप असू द्या. पाण्याविना क्षणभर चाललेल्या मोटरचा रबरी इंपेलर (पंपातला पाणी ओढणारा पंखा) सोलवटतो. चालू झाल्यावर पाण्याची धार बाहेर येते का ते आधी बघा.

सगळं ठीक असून मोटर सकाळी सुस्तच असेल, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. सिलिंडरांत १० टक्क्यांहून जास्त फरक म्हणजे बहुतेक वेळा रिंगांची तक्रार. कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोलचा फवारा परत येत असेल तर रीडची (कार्बोरेटरमागच्या झडपेची) पट्टी तुटलीय. ही कामं मेस्त्रीची.

१ जूनपासूनच्या पावसाळी मासेमारी बंदीत मोटर उचलून ठेवताना वाटी रिकामी करा, गोड्या पाण्याने धुवा आणि प्लगच्या भोकात दोन चमचे टू-स्ट्रोक ऑइल सोडून दोरी हळू दोनदा ओढा. नारळी पौर्णिमेला जी मोटर अडते, तिची टाकी बहुतेक वेळा मे महिन्यातल्या पेट्रोलची असते. ते पेट्रोल मोटरमध्ये घालू नका.